डावीकडची ओढ

अंगठ्याएवढा काळा तुकडा, त्याला चिकटलेली वॉल्व्हची बारीक नळी... टायरवाल्या टोलेगेनच्या मळकट तळहातावर तो सेन्सर इतका क्षुल्लक दिसत होता, की कामशातला वाटलं, एवढ्याशा वस्तूच्या जिवावर आपण वर्षभर निर्दोष राहिलो.

“ताई, बोला लवकर, बाहेर रांग बघा. हिवाळी चाकांतही बसवू, की यंदाही दिवा पेटताच ठेवायचाय?”

पहिला बर्फ पडला होता आणि अख्खं ओस्केमेन शहर एकाच सकाळी चाकं बदलायला धावलं होतं. तिच्या गाडीत हवेचा दाब सांगणारे सेन्सर होते ते उन्हाळी चाकांत. हिवाळी चाकं चढली की समोरचा पिवळा दिवा पेटायचा, तो थेट एप्रिलपर्यंत. “जळू दे, बघायचंच नाही त्याच्याकडे,” नवरा म्हणायचा. आणि खरंच तिला तो दिसेनासा झाला होता.

मागच्या जानेवारीत सासूबाईंना, म्हणजे आपांना, गावाहून आणताना पुढचं टायर हवा जाऊन बसलं, गाडी बर्फाच्या ढिगात घुसली, आपांचं उजवं मनगट मोडलं. “हिला कसं कळणार? दिवा तर कायमच पेटलेला,” दवाखान्यात नवराच म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनेही.

पण स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. पाच-सहा किलोमीटर तरी... हातांना कळत होतं — आणि आपा शेजारी बसून धाकट्या सुनेचं कौतुक करत होत्या, पीठ कसं पातळ लाटते, पाहुण्यांशी कशी गोड बोलते — आणि मी थांबले नाही. थांबले असते तर वाऱ्यात उतरून चाकापाशी वाकावं लागलं असतं, आपांनी काचेतून बघितलं असतं... ओढू दे, म्हटलं. ओढू दे.

“बसव रे चारही,” सोबत आलेल्या आपाच बाकावरून म्हणाल्या. दुधाच्या चहाचा वाडगा त्यांनी डाव्या हातात धरला होता.

“बसवतो, आजी. जुन्या सेन्सरचे नंबर यांत उतरवतो, गाडीला फरक कळायचा नाही.” टोलेगेन आत गेला.

कामशात बाकाच्या टोकाला टेकली. “आपा, त्या दिवशी... दिव्याचं राहू दे, मला —”

“डावीकडे ओढत होती गाडी.” आपांनी चहावर फुंकर घातली. “अकरा वर्षं सोव्हखोजवर, सरकारी शेतावर, ट्रॅक्टर हाकलाय मी. चाक बसायला लागलं की बुडाला आधी कळतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बघत होते, तू थांबवतेस का.”

“आणि नसती थांबवली तर?”

“नाहीच थांबवलीस की.”

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. आतून नट आवळल्याचा कर्कश आवाज आला. वर्षभर कामशात मनातल्या मनात त्या रस्त्यावरून एकटीच जात होती, रात्री कूस बदलताना, वर्गात मुलांसमोर नकाशा उलगडताना... आणि शेजारी ही बाई सगळं जाणून बसली होती, स्वतःचं हाड पणाला लावून. राग आला — स्वतःचा नव्हे, आपांचा. वर्षात पहिल्यांदाच. तो इतका मोकळा होता, की ही परीक्षा कशासाठी, हा पुढचा प्रश्न विचारायची तिला भीती वाटेना. फक्त तो कुठून सुरू करावा, हे सुचत नव्हतं, आणि सुचेपर्यंत इथून उठायची तिला मुळीच घाई नव्हती.