सैल पट्टी

इराला व्यायामाचा मनापासून कंटाळा. अग्रहारातल्या घरून विद्यापीठात जायचं तरी ती रिक्षाच बघायची. पण वर्गात नव्या होती, वरुणा गावची, जन्मापासून दृष्टी नसलेली. गावी अप्पांचा हात धरून बांधावरून पळायचे, इथे कोणी नाही, असं ती एकदा सहज बोलून गेली. आणि इराच्या तोंडून निघून गेलं, मी येते.

तेव्हापासून रोज पहाटे दोघी कुक्करहळ्ळी तळ्यावर. इराचे आजोबा रंगारी होते. त्यांनी रंगवलेल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीचं एक टोक इराच्या मनगटाला, दुसरं नव्याच्या. इरा धापा टाकत सांगत राहायची, पुढे मूळ आहे, आता डावीकडे, आणि पेलिकन उतरला बघ, पाण्याला केवढी घडी पडली. उठायचं जिवावर यायचं. पण आपण गेलो नाही तर ती फाटकापाशी उभी राहील, म्हणून उठायची. आई हसायची, आम्ही एवढं ओरडलो तेव्हा नाही उठलीस, अल्वा, हो ना?

मग विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या. नव्याला धावायचं होतं. इराला वाटलं, आपल्यापायी ही मागे पडणार. तिनेच धावण्याच्या संघातल्या रघूला गळ घातली आणि एका सकाळी पट्टी त्याच्या मनगटाला बांधून आपण बाकावर बसली.

नव्या सुटली.

इरा बघतच राहिली. मान ताठ, पावलं जमिनीला टेकतायत की नाही कळेना. दमछाक होत होती ती रघूची. एवढा वेग हिच्या अंगात होता? आणि इतके महिने तो गिळून ही आपल्या पावलाशी पाऊल जुळवत होती? पट्टीला कधी ओढ म्हणून लागली नव्हती. झोपेतल्या बाळाने बोट धरावं, तेवढीच.

दोघं परतली तेव्हा इरा हळूच म्हणाली, "आता रघूबरोबरच येत जा. मी अडकवते तुला."

"शर्यत रघुअण्णांबरोबर," नव्या गाठ सोडवत म्हणाली. "पण त्यांना विचारलं, तळ्यावर आज काय आहे? तर म्हणाले, पाणी." रघू ओशाळून हसला. मोकळं टोक तिने इराच्या दिशेने धरलं. "सकाळी तू ये कणे, बाई. नाहीतर मला तळं दिसायचं कसं?"

इराने गाठ मारली.

"आज जरा ओढ मला," ती म्हणाली.

पट्टी पहिल्यांदाच ताठ झाली. इरा जीव खाऊन पळाली, फक्त पेलिकनचं सांगण्यापुरता दम राखून.