बिनसाखरेचा चहा

"काही जुना आजार?" विमा एजंट भालचंद्ररावांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

रामराव आचाऱ्यानं उत्तराऐवजी चहाचा मोठा घोट घेतला. दारात उभ्या गोजरबाईचा जीव वरखाली झाला. चारचौघांत नवऱ्याला गोड चहाच द्यायचा, हा दंडक त्यानंच घालून दिला होता.

घनसावंगीच्या पंचक्रोशीत लग्न म्हटलं की बुंदी रामरावचीच. शुगर निघाली तेव्हा त्याला आजारापेक्षा गिऱ्हाइकांची धास्ती वाटली. साखर वर्ज्य असलेल्या आचाऱ्याला पाकाच्या कढईपाशी कोण उभं करील? म्हणून गोळ्या डाळीच्या डब्यात दडल्या आणि हा गडी घरोघरचा गोड चहा हसत रिचवत राहिला. मागच्या साली पायाची जखम चिघळली, दवाखान्यात पडून राहावं लागलं. तेव्हापासून गोजरबाईनं विम्याचा धोशा लावला होता.

"आजारबिजार काई न्हाई. लिहा," रामराव म्हणाला.

"लिहितो. हा विमा स्वस्त पडेल. पण उद्या काही जुनं निघालं, तर कंपनी हात वर करील. दुसरा महाग आहे. त्यात आजार आधी सांगायचा. चार वर्षं त्याचा खर्च तुमचा, पुढं कंपनीचा."

"स्वस्तातलाच बराबर हाय."

"बिलकुल न्हाई!" गोजरबाई पुढं आली. "शुगर हाय ह्यांना, सायब. महागाचाच द्या. चार वर्सं मी बघते ह्यांच्याकडं."

"गोजर, तोंड आवर! सायबाच्या पोरीचं लगीन हाय वैशाखात."

"असू द्या. किती लपवून राह्यले तुम्ही? पाय जाता जाता वाचला!" तिचे डोळे भरून आले.

भालचंद्ररावांनी पेन खाली ठेवलं. "रामराव, पाक झाला हे तुम्ही चाखून ओळखता?"

"न्हाई जी. बोटावर तार धरून."

"मग अडलं कुठं? माझ्या आईला शुगर होती. तिच्या हातचे लाडू अजून आठवतात आम्हाला. बुंदी तुम्हीच करायची."

रामरावला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं उगाच जिवाला घोर लावून घेतला, म्हणून स्वतःचा रागही आला. महागाच्या कागदावर त्यानं सावकाश सही केली.

"गोजर, आणखी चहा टाक गं," तो मोठ्यानं म्हणाला. "सायबाला गोड. मला बिनसाखरेचा."

रस्त्यानं जाणाऱ्या शेजारच्या कचरूनं चमकून वळून पाहिलं. रामरावनं त्यालाही चहाला बोलावलं.