बसायला नाही, तपासायला

डॉक्टरांनी दवाखाना विकला आणि महिन्याभरात लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. त्या दिवशी बाईंनी भीष्मप्रतिज्ञा केली. मुलीसमोर, शेजाऱ्यांसमोर आणि काही कारण नसताना पोस्टमनसमोरही त्यांनी जाहीर केलं, "या डबीत मी बसणार नाही." बाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. जन्मभर हेडमास्तरीण, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत आणि घरात डॉक्टरही. बोललेला शब्द मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती.

डॉक्टर दातांचे. गाडी घेण्यामागे त्यांचा एक डाव होता. आयुष्यभर बाई पहाटे उठून शाळेत आणि डॉक्टर रात्रीपर्यंत दवाखान्यात. दोघांची गाठ पडायची ती जेवणाच्या टेबलावर, तीही घाईत. आता वेळच वेळ होता. दोनच जागांची गाडी घेतली, की दुसऱ्या जागेवर कोण बसणार हे वेगळं सांगायला नको, असा त्यांचा हिशोब. तो साफ चुकला. रोज संध्याकाळी ते एकटेच चक्कर मारून यायचे आणि शेजारची रिकामी सीट बघून त्यांचं मन खट्टू व्हायचं.

त्यात घरात आणखी एक कुरबुर चालू होती. कोठीच्या खोलीत टोपलीत ठेवलेले अक्रोड कमी होत होते. डॉक्टरांच्या पोटाचा घेर बाईंच्या डोळ्यांवर आलेला असल्यामुळे चोर शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही.

"मी हात लावलेला नाही," डॉक्टर म्हणायचे.

"मग काय अक्रोडांना पाय फुटले? आणि टरफलं कुठे लपवता, तेवढं सांगा."

असंच एकदा डॉक्टर चक्कर मारून आले. बाई फाटकाशी उभ्या होत्या. गाडी आत वळली, थांबली, आणि बाईंनी हात वर केला. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज झाली की करायच्या, तसाच.

"खालून काहीतरी खुळखुळतंय."

"मला नाही येत ऐकू."

"तुम्हाला येत नाही आणि खुळखुळतंय, म्हणजे आणखीच वाईट. चला, परत फिरवा गाडी." त्यांनी दुसरं दार उघडलं आणि वाकून, कण्हत, त्या बुटक्या सीटमध्ये स्वतःला सोडून दिलं. "मी बसायला आलेली नाही. तपासायला आले आहे. एवढं लक्षात ठेवा."

डॉक्टरांनी लक्षात ठेवलं. आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते आरशातच बघत राहिले.

तपासणी सुरू झाली. बाई कान देऊन बसायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "हा बघा. आता आला ना?" खरं तर ड्रिलच्या किरकिरीत सगळी हयात गेल्यामुळे डॉक्टरांच्या कानांनी बारीक आवाजांवर कधीच पाणी सोडलं होतं. पण हे कबूल कोण करणार? ते मान डोलवायचे. "आला. स्पष्ट आला."

तिसऱ्याच फेरीत बाईंनी विचारलं, "आता?"

"आला."

"गाडी बंद आहे, अहो."

डॉक्टरांचा चेहरा पडला. बाई काहीतरी चांगलंच सुनावतील म्हणून ते वाट बघत होते. पण बाईंनी सीटचा पट्टा ओढून नीट केला. मग म्हणाल्या, "असू दे. कान माझे, हात तुमचे. चालवा." त्यानंतर त्या डॉक्टरांशी जरा मोठ्याने बोलू लागल्या, आणि मुख्य म्हणजे, बोलू लागल्या.

मध्ये एकदा गाडी गॅरेजमध्येही नेली. गॅरेजवाला निघाला बाईंचा जुना विद्यार्थी. बाईंना बघताच त्याने हातातला पाना पाठीमागे लपवला.

"आवाज पुढून येतो की नाही रे?" बाईंनी विचारलं.

"हो बाई."

"पण मला वाटतं, मागून येतो."

"हो बाई."

"अरे, नक्की कुठून?"

"तुम्ही सांगाल तिथून, बाई."

हा बाबा काही कामाचा नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं. परत येताना बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. डॉक्टरांना वाटलं, हा आवाज कधी सापडूच नये.

रोजची फेरी ठरून गेली. आधी नदीच्या पुलापर्यंत, मग पुलाच्या पुढे, मग टेकडी चढून पलीकडच्या तळ्यापर्यंत. ब्रेक मारला की आवाज पुढे जातो आणि गाडी सुटली की मागे येतो, एवढा शोध लागला होता. आवाज ऐकायचा म्हणून रेडिओ बंद असायचा आणि रेडिओ बंद म्हणून गप्पा चालायच्या. आवाज शोधायला निघालेली माणसं इतकं बोलत नाहीत, हे मात्र दोघांपैकी कोणीच बोलून दाखवलं नाही.

पण डॉक्टरांचे हात स्वस्थ बसणारे नव्हते. दुखणं आहे म्हटल्यावर मूळ सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. एका सकाळी बाई बाजारात गेलेल्या बघून त्यांनी पुढची चाकं फळ्यांवर चढवली आणि तोंडात बघायचा लांब दांड्याचा आरसा घेऊन ते गाडीखाली आडवे झाले. गाडीच्या पोटाला प्लास्टिकचं मोठं झाकण होतं. त्याचे मागचे स्क्रू ढिले केले, हलकेच टिचकी मारली, आणि आतून काहीतरी घरंगळत येऊन त्यांच्या गालाला लागलं.

अक्रोड. अखंड, आणि कवचावर दातांच्या खुणा. वरचे पुढचे दोन. उंदीर, हे त्यांनी क्षणात ओळखलं. कोठीतून चोरून त्याने इथे साठा करायचा बेत केला असावा.

डॉक्टर गडबडीने उठायला गेले आणि कपाळ आपटून घेतलं. निर्दोष सुटल्याचा आनंदच तेवढा होता. पुरावा हातात होता, बाई परत आल्या की त्यांच्यापुढे टेबलावर ठेवायचा आणि काही बोलायचंसुद्धा नाही. मग त्यांच्या लक्षात आलं. अक्रोड सापडला म्हणजे आवाज संपला. आवाज संपला म्हणजे तपासणी संपली, आणि शब्दाला पक्क्या बाई काही बसायला येणार नव्हत्या.

त्यांनी अक्रोड फोडला आणि खाऊन टाकला. टरफलं खिशात घातली.

संध्याकाळी बाई स्कार्फ बांधून, उशी आणि थर्मास घेऊन हजर. तपासणीला थर्मास कशाला, हे विचारायची डॉक्टरांची छाती नव्हती. खोटं लपवत फिरणंही त्यांच्या जिवावर आलं होतं. पुलापाशी गाडी थांबवायची आणि सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. पूल आला. त्यांनी ब्रेक दाबला.

"आला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वळून बघितलं. बाई समोर बघत होत्या आणि नाकावर नीट बसलेला चष्मा पुन्हा नीट करत होत्या. आयुष्यभर मुलांचं खोटं पकडलेल्या त्या बाईंना स्वतःला खोटं बोलता येत नव्हतं. त्यांचे गाल लाल झाले होते.

डॉक्टरांनी ब्रेकवरचा पाय काढला. "मागून?" त्यांनी विचारलं.

"मागून. तळ्यापर्यंत जावं लागेल, असं दिसतंय."

"जायलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पाय न वाजवता कोठीत शिरले. रोज आपल्यासाठी बाईंना खोटं बोलायला लावणं त्यांना बरं वाटेना. टोपलीतला चांगला टणक अक्रोड निवडून त्यांनी गाडीच्या झाकणात सोडला आणि स्क्रू घट्ट पिळले.

"अक्रोड परत कमी झाले," दुपारी बाई म्हणाल्या.

"मीच घेतले. सगळे मीच."

"आलात एकदाचे कबुलीवर," बाई समाधानाने म्हणाल्या.

संध्याकाळी पुलापाशी ब्रेक लागला आणि बाई दचकल्या. "अगं बाई, आज खरंच येतोय," त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

डॉक्टरांना शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यांनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला."

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तळ्याकडे घ्या."