एकोणतीस तारखेच्या न्योकी

दोन वर्षांत दोन्या एर्सिलियानं, म्हणजे आमच्या एर्सिलियाबाईनं, मला एकदासुद्धा धन्यवाद म्हटलेलं नाही. आंघोळ घातली, नखं कापली, वेळच्या वेळी गोळ्या दिल्या, पण नाव नको! मीही काही कमी नाही, तोंडावर बोलून दाखवते. "एवढं तेल भिंतीला चोळलं असतं तर तीसुद्धा काहीतरी बोलली असती." म्हातारी म्हणते, "मग जा, भिंतीकडे नोकरी धर."

मी मारिसेल. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी जाऊन मदत करायची, हे माझं काम. एर्सिलियाचं दोन खोल्यांचं घर पायसांदू गावात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. मागे लिंबाचं झाड. वय चौऱ्याऐंशी, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा हात नुसता लोंबतो. झटका आला तेव्हा तिची मुलगी मिर्ता ब्युनोस आयरेसहून धावत आली ती वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊनच. म्हातारी म्हणाली, "मी या घरातून आडवीच बाहेर पडेन." सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही! शेवटी सरकारी योजनेतून महिन्याला ऐंशी तास मी मिळाले, आणि मिर्तानं सांगून टाकलं, "मारिसेल आहे तोवर ठीक. तिचे तास बंद झाले की आई, तू आश्रमात."

आता त्याच तासांची फेरतपासणी होती. कार्यालयातून बाई येणार आणि काय जमतं, काय जमत नाही ते विचारणार. सगळं जमतं म्हटलं की तास गेले. तास गेले की मी गेले, आणि मी गेले की आश्रम आलाच. म्हणून आठवडाभर मी तिच्याकडून घोकून घेतलं.

"आंघोळ कोण घालतं?"

"मारिसेल."

"गुंड्या कोण लावतं?"

"मारिसेल. आणि दिवसभर कटकटही तीच करते."

"ते नका सांगू, दोन्या एर्सिलिया!"

बाईंना तारीख तरी कुठली मिळावी? एकोणतीस! एकोणतीसला आमच्याकडे घरोघरी न्योकी. उकडलेल्या बटाट्यात मैदा मळायचा, इवले इवले गोळे करायचे आणि एकेक गोळा काट्यावरून अंगठ्यानं घरंगळवायचा, की त्यावर छान रेघा उठतात. जेवताना ताटाखाली एक नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरकतीचा. म्हातारीनं उभ्या आयुष्यात एक एकोणतीस तारीख चुकवलेली नाही. त्या सकाळी आमच्या अर्ध्या न्योकी झाल्या आणि तिला आठवलं, चीज संपलंय. "जा, कोपऱ्यावरून आण. बाई बाराला यायचीय."

बाई साडेअकरालाच आली.

मी चीज घेऊन परतले तर म्हातारी खुर्चीत ताठ बसलेली. ओठांना लाली, थोडी गालालाही लागलेली. समोर फाइल उघडून ओलिवेरा बाई, हातात पोकळ भोपळ्याचं भांडं, त्यातून 'माते' हा आमच्याकडचा कडू पानांचा काढा नळीनं ओढताहेत. ओतणारी अर्थात म्हातारीच.

"स्वयंपाक?" बाईंनी विचारलं.

"मीच करते की. ह्या न्योकी काय आभाळातून पडल्या?"

"आंघोळ?"

"अहो, चौऱ्याऐंशी वर्षं करतेय. सवय झालीय."

बाईंनी फाइलीत खूण केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंच्या पाठीमागून मी हातवारे केले, डोळे वटारले, पण म्हातारी शांतपणे लिंबाच्या झाडाकडे बघत राहिली. बाई फोनवर बोलायला अंगणात गेल्या तशी मी तिच्या कानाशी लागले.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही! काय ठरलं होतं आपलं?"

"परक्या बाईला घरात घ्यायचं, आणि तिच्यापुढे मला कोण धुतं ते सांगायचं?" ती फणकारली. "मला लाज आहे, पोरी."

तेवढ्यात बाई आत आल्या, त्यांनी फाइल मिटली. "छानच आहे की तब्येत. मदतीची फारशी गरज दिसत नाही." त्यांनी भोपळा परत दिला आणि म्हणाल्या, "धन्यवाद." माते परत देताना आमच्यात हा शब्द उच्चारला, की त्याचा अर्थ पुरे, आता ओतू नका.

"निघालात?" म्हातारी म्हणाली. "एकोणतीसला न्योकी न खाता? महिनाभर पनवती लागेल. बसा, उरलेल्या आत्ता करते."

ती पिठाशी बसली. मी दाराला टेकून हाताची घडी घातली. "करा की. सगळं स्वतःच करता ना!"

न्योकी दोन हातांचं काम. एकानं काटा धरायचा, दुसऱ्यानं गोळा फिरवायचा. तिनं काटा टेबलावर ठेवला आणि गोळा दाबला, तर काटाच सरकला. कोपरानं दाबून धरला, तर गोळा बाहीला चिकटला. तिसरा टेबलाखाली गेला. ती माझ्याकडे बघेना. लाली लावलेले ते ओठ थरथरत होते. बाई टक लावून बघत होत्या. मला हेच हवं होतं ना? बघू दे बाईंना, कळू दे. आणि मग माझीच मला इतकी लाज वाटली, की दोन ढांगांत मी टेबलाशी पोचले आणि काटा धरला.

मग काय! तिचा अंगठा, माझा काटा. दोन वर्षांच्या एकोणतीस तारखा हाताला पाठ होत्या.

"वाकडा धरलायस."

"तुमचा अंगठा जड पडतोय."

"गप्प, पुढची घे."

ताट भरलं तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "दोन्या एर्सिलिया, ह्या कोणी केल्या?"

"मी."

"आणि काटा?"

म्हातारीनं पिठानं माखलेला अंगठा झग्याला पुसला. मग म्हणाली, "माझा डावा हात मेला, बाई. त्याच्या जागी ही आहे. ही गेली तर मला इथं राहता यायचं नाही. आणि मला इथंच राहायचंय." तिचे डोळे भरले. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना.

बाईंनी फाइल पुन्हा उघडली आणि पानभर काट मारली. "अकरा वर्षं हे काम करतेय. मी जाते त्या दिवशी गावातला एकूण एक म्हातारा ठणठणीत असतो. गेल्या आठवड्यात एका आजोबांनी मला टँगो नाचून दाखवला. नंतर त्यांना खुर्चीत बसवायला तिघं लागले. चला, पहिल्यापासून. आंघोळ?"

"मारिसेल."

"गुंड्या?"

"मारिसेल. कटकटही तीच करते, लिहून घ्या."

हसता हसता बाईंचं पेन खाली पडलं.

जेवायला बसलो तर बाईंच्या ताटाखाली वीस पेसोंची नोट! बाई दचकल्या. "अहो, मी सरकारी माणूस! लाच दिली म्हणतील लोक!"

"वीस पेसोत कोण विकलं जातं?" म्हातारी म्हणाली. "खा गुपचूप."

बाईंनी नोट तिथंच ठेवली, न्योकी मात्र दोनदा घेतल्या.

पुढच्या एकोणतीसच्या आधी पत्र आलं. तास कापले नव्हते. उलट ऐंशीचे शंभर केले होते. मी मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हातारीच्या गालांचे मुके घेतले. ती "सोड, सोड" म्हणत राहिली, पण माझी बाही काही सोडेना. मिर्ताला फोन झाला, शेजारणीला हाक मारून झाली. मग आम्ही दोघी लिंबाखाली माते घेऊन बसलो.

"दोन्या एर्सिलिया," मी म्हटलं, "आज तरी एकदा धन्यवाद म्हणा."

तिनं तळाशी आवाज होईस्तोवर नळी ओढली आणि रिकामा भोपळा माझ्यापुढे धरला.

"वेडी का काय तू? तो शब्द उच्चारला की ओतणारा थांबतो. ओत."

मी ओतलं.