एक आवाज राहिला

दर सोमवारी अकरा वाजता आम्ही पाच जण फोनवर भेटत असू. परळीच्या कार्यालयात मी टेबलावरची औष्णिक केंद्राची राख पुसून, कागद मांडून बसे. संस्थेचे प्रमुख अमरसिंह सर पुण्याहून बोलत, सुग्रीव धर्मापुरीहून, वैष्णवीताई केजहून. नांदूरघाटचे वसतिगृह सांभाळणाऱ्या रतनबाई पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून बोलत, कारण त्यांना रेंज तिथेच मिळे.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले गावातच राहून शिकावीत, म्हणून आमची संस्था हंगामापुरती वसतिगृहे चालवते. चेहरे न दिसणाऱ्या त्या बैठकीत माझी नेहमी फजिती होई. मी तोंड उघडावे आणि त्याच क्षणी दुसऱ्यानेही; मग 'तुम्ही बोला', 'नाही, तुम्ही बोला', आणि त्यानंतरची ती लांब शांतता, जिच्यात मला माझाच श्वास ऐकू येई.

त्या सोमवारी सर म्हणाले, "धान्य पंधरा तारखेला येतंय. नांदूरघाट सोळाला उघडू. सगळ्यांना मान्य?"

माझ्यासमोर मुकादमांना फोन करून मिळवलेल्या तारखा होत्या. नांदूरघाटच्या ऊसतोड टोळ्या चार तारखेलाच निघणार होत्या. सोळा उजाडेपर्यंत अडतीस मुले आईबापांबरोबर उसाच्या फडात पोचलेली असणार होती.

"सर..." मी म्हणालो. नेमका तेव्हाच सुग्रीवचा दणदणीत 'हो सर' माझ्या शब्दावर येऊन पडला. पाठोपाठ वैष्णवीताईही 'हो' म्हणाल्या. मी कागद बाजूला सारला.

"ठरलं तर मग," सर म्हणाले.

"थांबा साहेब," रतनबाईंचा आवाज आला. मागे वारा घोंगावत होता. "एक आवाज राहिला."

"तुमचा ना?"

"माझा न्हाई. युवराज सरांचा. ते बोलाय लागलते."

सुग्रीव हसला. "बाई, ते कुठं बोलतेत? ते लिहून पाठवतेत!"

"मग आज बोलतील. घाई हाय का कुनाला?"

कोणी काही बोलले नाही. मी कागद पुन्हा जवळ ओढला. किती वेळ गेला, कोण जाणे. पण रतनबाईंनी ना मला हाक मारली, ना घाई केली. त्या शांततेत पहिल्यांदाच मला अवघडल्यासारखे झाले नाही. मी तारखा वाचल्या. शेवटचा आकडाही सांगितला.

"अडतीस?" सर थबकले. "पण धान्य?"

"पंधरा तारखेपर्यंतचं मी गावातून जमवते," रतनबाई म्हणाल्या. "तुमी फकस्त चारच्या आत उघडायचं म्हना."

सरांनी तीन तारीख ठरवली.

तीन तारखेच्या संध्याकाळी मी नांदूरघाटला होतो. सातच्या सुमारास वीज गेली. ओसरीवर मुले होती, पण कोण कुठे बसले आहे ते दिसत नव्हते. रतनबाईंनी दिवा मागितला नाही. त्या अंधारातच एकेक नाव पुकारू लागल्या. 'हजर', 'हाय', 'हाव बाई' असे आवाज ओळीने येत गेले.

"मंगल."

उत्तर आले नाही. त्या मुलीचेही आईबाप दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते. कोणीतरी कुजबुजले, "ती हितंच हाय बाई, रडायलीय."

"गप रे. तिचं तिला सांगू दे."

आणि रतनबाई थांबल्या. तसेच, ना पुन्हा हाक, ना घाई. अडतीस मुलांची ओसरी त्यांच्याबरोबर थांबली. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि टाकीच्या त्या जिन्यावर माझ्यासाठी कोण उभे होते, हे मला आता दिसत होते.

बऱ्याच वेळाने एक बारीक, ओला आवाज आला.

"हाय."

"हां," रतनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचे नाव घेतले.