उलटा धरलेला पैसा

मी एक झिजलेला तांब्याचा पैसा बोलतोय. मला नाक उरलं नाही, डोळे उरले नाहीत, पण जीभ शाबूत आहे. आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. मला एक जुळा भाऊ आहे, आणि त्याचं कौतुक कानावर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्ही दोघं एकाच टांकसाळीत, एकाच ठशाखाली, एकाच सकाळी जन्मलो. राज्य रोमन बादशहाचं, पण गाव ग्रीक बोलणारं. म्हणून एका अंगाला बादशहाचं तोंड आणि दुसऱ्या अंगाला आमची गावदेवी. तिच्या डोक्यावर तटाबुरुजांचा मुकुट, भोवती ग्रीक अक्षरांत गावाचं नाव. ठशाला तडा गेलेला होता, त्यामुळे देवीच्या खांद्यापासून कडेपर्यंत एक बारीक रेघ आम्हा दोघांवरही उमटली. भावाच्या वेळी कारागिराचा हात सरकला आणि त्याच्या अंगावर गावाचं निम्मं नाव उमटलंच नाही. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

पण पुढे नशिबाने डाव उलटवला. तो नवाकोरा असतानाच एका मडक्यात गेला आणि मडकं जमिनीत. मी गेलो बाजारात. पाववाला, कोळीण, न्हावी, जुगारी, ज्याच्या त्याच्या मुठीत घासला गेलो. शेवटी एका दुकानाच्या फरशीच्या फटीत पडलो तेव्हा मला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

हल्ली माझा मुक्काम दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आहे. बाईंनी दवाखाना बंद केला, पण हत्यारं काही टाकवेनात. दात कोरायच्या आकडीनेच त्या आता जुन्या नाण्यांवरची माती कोरतात. ओळख पटली की नाण्याला ट्रेमध्ये मखमली खण. नाही पटली की बिस्किटांचा डबा. मी डब्यात. आणि तो डबा बाईंनी धाकट्या जावेला कबूल केलेला. ती नाण्यांना भोक पाडून कानातले डूल करते!

भोकाच्या भीतीने माझी झोप उडाली होती. बाई मला रोज दिव्याखाली धरायच्या आणि पुटपुटायच्या, "ही तिवई. तिवईचे पाय तर दिसतायत." कसली डोंबलाची तिवई! ते देवीच्या मुकुटाचे बुरूज. अहो बाई, तुम्ही मला उलटं धरलंय! आमच्या टांकसाळीत दोन अंगांची डोकी एकमेकांच्या उलट दिशेला यायची; बादशहा सरळ धरून पानासारखं उलटलं की देवी खाली डोकं वर पाय. बाईंना हे माहीतही होतं, पण एकदा डोक्यात तिवई बसली ती बसली. मी घसा फोडून ओरडत होतो, पण पैशाचं ऐकतो कोण?

अशात बाईंनी मागवलेलं नाण्यांचं पाकीट टपालाने आलं, आणि त्यातून कोण निघालं? माझा भाऊ! तसाच तरतरीत, बादशहाच्या कानाची पाळीसुद्धा जागेवर. "काय रूप आहे!" म्हणत बाईंनी त्याला लगेच मखमलीवर बसवलं. गावाचं नाव अर्धवट, तरी खण पुरा! मी डब्यातल्या डब्यात नुसता धुमसत होतो.

आणि जाऊ आलीच. आल्या आल्या तिने भावालाच उचललं. "ताई, हे द्या ना! कसलं देखणं आहे."

मी मनात म्हटलं, ने, ने! पाड भोक, अगदी मधोमध!

"त्याला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं गाव शोधायचंय अजून."

"बरं, मग हे गुळगुळीत तरी?" जावेने मला उचललं.

"ने बाई. तिवईपलीकडे काही दिसत नाही त्यात." तरी सवयीने बाईंनी मला तिच्याकडून घेतलं आणि शेवटचं दिव्याखाली धरलं. जाऊ टेबलापलीकडे, समोर बसलेली.

"ताई, या बाईच्या डोक्यावर किल्ला का हो?"

"कुठली बाई? तिवई आहे ती."

"तिवई काय! माझ्या बाजूने बघा की जरा."

बाईंनी मला तसंच टेबलावर ठेवलं, उठल्या, टेबलाला वळसा घालून जावेच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडदा ओढला, टॉर्च आडवी धरली. "अगं बाई! इतके दिवस मी हिला डोक्यावर उभं केलं होतं!" मग खांद्यावरची रेघ दिसली. धावत जाऊन त्यांनी भावाला आणलं आणि माझ्याशेजारी ठेवलं. त्याची उरलेली अक्षरं, माझी पुसट अक्षरं. बोट ठेवत ठेवत बाईंनी आमच्या गावाचं नाव मोठ्याने वाचलं. माझ्या तांब्याला पाझर फुटला हो!

"म्हणजे माझे डूल गेले," जाऊ हसत म्हणाली आणि दुसरं नाणं शोधायला लागली.

आता आम्ही एकाच खणात आहोत. पाहुणे आले की भिंग आधी त्याच्यावरच जातं, आणि मी अजून जळतो. तुम्हाला एवढंच सांगणं, कुणी गुळगुळीत दिसला तर टाकून देण्याआधी एकदा समोरच्या खुर्चीत बसून बघा.

परवा मात्र भाऊ हळूच म्हणाला, "दादा, मी जन्मभर मडक्यातच होतो रे. माणसाच्या मुठीत कसं वाटतं?"

किती ऊब असते, ते मला चांगलं ठाऊक आहे. पण सांगितलं नाही अजून. त्यालाही जळू दे थोडं.