पटावरचं विसावं नाव

जागृतीनं शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर पसरला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं.

"गुरुजी, हे अक्षर तुमचंच ना?"

रूपराव गुरुजींनी चष्मा लावला. लावायची गरज नव्हती. सालईटेकच्या पोरांकडून त्यांनी एकोणतीस वर्षं अक्षर गिरवून घेतलं होतं, स्वतःचं ते लांबूनही ओळखत.

"माझंच."

दोन बस बदलून मायलेकी डोंगरावरच्या सालईटेकहून पिपरी मेघेला गुरुजींच्या घरी आल्या होत्या. जागृतीची आई धुरपता, वर बसा म्हटलं तरी दाराजवळ खालीच बसली.

"वनरक्षकाच्या भरतीत बसू नाई देलं," जागृती म्हणाली. "दोन महिन्यानं वय जास्त झालं म्हणते. आन् आत्या म्हणते, मी याच्या पुढच्या साली झाली, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. इथं मांगच्या सालचा एक जुलै. ऑफिसात विचारलं, तर आता काई बदलत नाई म्हणे. आठ दिवस झाले, मी मायशी बोलली नाई. हिनं अशी तारीख काऊन सांगतली, तेवढं मले तुमच्या तोंडून ऐकाचं हाये."

"मले कुठं समजत होतं तारखेतलं?" धुरपता जमिनीकडं पाहत म्हणाली. "तोंडात आलं ते सांगतलं."

गुरुजींनी चमकून तिच्याकडं पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

तिला सगळं समजत होतं. पौर्णिमेच्या खिरीचं भांडं घासायच्या आत कळा सुरू झाल्या, पहाटे पोरगी झाली, इथपर्यंत तिनं पोरीचं नाव घालताना सांगितलं होतं. गुरुजींनी तेव्हाच हिशेब केला, पहिलीला लागणारी सहा वर्षं भरत नव्हती. पटावर एकोणीस पोरं होती आणि विसाच्या खाली शाळा बंद करायचं घाटत होतं. "धुरपताबाई, जन्माच्या आदल्या वर्षीचा एक जुलै लावतो," ते म्हणाले होते. "पोरीचं काय बिघडणार आहे?" गुरुजी म्हणतात म्हटल्यावर ती मान हलवून गेली.

शाळा टिकली. बदल्यांची यादी निघायची वेळ आली की मास्तर मंडळी ओळखीपाळखीची माणसं शोधत फिरतात. रूपरावही फिरले, पण बदली होऊ नये म्हणून. पावसाळ्यात घाट चिखलानं बंद झाला की ते शाळेतच मुक्काम करत. पोरांची नखं कापत, तापाच्या गोळ्या देत, गावाचे अर्ज लिहीत. स्वतःची पोरं मात्र रविवारपुरती. निवृत्तीच्या दिवशी सगळं गाव त्यांना घाट उतरून पोचवायला आलं होतं, तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं होतं, आपण कुणाचं वाईट केलं नाही.

आता नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं. धुरपतानं वाट करून दिलीच होती. त्या वाटेनं जायचा मोह क्षणभर झाला, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"जागृती, तुझ्या मायनं बरोबर तारीख सांगितली होती. ती मी बदलली. पटाला एक नाव कमी पडत होतं."

जागृती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं भरतीसाठी रोज सकाळी टेकडी चढून उतरत होती मी," एवढंच ती म्हणाली. दाखला घडी करून तिनं पिशवीत ठेवला आणि बाहेर निघून गेली. सालईटेकचं माणूस त्यांच्या दारातून जय भीम न घालता गेलं, असं आजवर झालं नव्हतं.

धुरपता गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"काऊन सांगतलं गुरुजी?"

"तुमच्यावर नाहक राग धरून बसली होती."

"मायवरचा राग जाते," चपला चढवत ती म्हणाली. "आज नाई तं उद्या जाते. तुमच्यावरचा जाईन का?"

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माय," फाटकापासून जागृतीची हाक आली, "चाल, बस जाईन."

धुरपतानं पदर सावरला आणि जवळजवळ धावतच ती पायऱ्या उतरली.